डिझेलला विजेची जोड : लाभ कोणाचा?

२००६ साली दिल्लीच्या वाहन प्रदर्शनात महिंद्र अँड महिंद्र या कंपनीने स्कॉर्पिओ गाडीचा एक निराळा नमुना मांडला होता. बाहेरून ती नेहमीचीच स्कॉर्पिओ; परंतु तिच्या डिझेल इंजिनाला विद्युत-मोटर आणि बॅटरी यांची जोड दिलेली होती. भारतात विकसित झालेले अशा प्रकारचे पहिले वाहन म्हणून तिचे त्या वेळी कौतुक झाले. ती गाडी बाजारात मात्र आली नाही. स्कॉर्पिओ ही २००२ मध्ये नाशिकच्या कारखान्यातून बाहेर पडलेली गाडी असल्यामुळे या अपुऱ्या राहिलेल्या प्रयोगाची चौकशी करण्याचा अधिकार नाशिककरांना इतरांपेक्षा थोडा अधिक आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

अधिकार आणखीही एका कारणाने आहे. त्र्यंबक रस्त्यावरील ज्या चौकाला सारे शहर ‘मायको सर्कल’ म्हणते, त्याचे नाव ज्या कंपनीवरून पडले ती मोटर इंडस्ट्रीज कंपनी १९५१ मध्ये स्थापन झाली, पुढे तिने सातपूरला कारखाना काढला आणि २००८ पासून ती बॉश लिमिटेड या नावाने ओळखली जाते. डिझेल इंजिनात इंधनाचा सूक्ष्म फवारा सोडणारी नोझल व इंजेक्टर ही या कारखान्याची ओळख. केसाच्या जाडीच्या काही अंशाइतकी अचूकता लागणारे हे काम. सातपूर-अंबडच्या अनेक लहान वर्कशॉपांची चूल या मोठ्या कारखान्यांना लागणाऱ्या सुट्या भागांवर पेटते. तेव्हा डिझेलचे भवितव्य काय, हा येथे केवळ अभियंत्यांच्या परिसंवादाचा विषय राहत नाही. आयटीआयमधून फिटर किंवा टर्नर होऊन बाहेर पडणाऱ्या मुलाच्या पहिल्या नोकरीचा तो विषय आहे.

डिझेल आणि वीज यांची जोडी ही कल्पना मुळीच नवी नाही. रेल्वेचे जे इंजिन आपण ‘डिझेल इंजिन’ म्हणून ओळखत आलो, त्याची चाके डिझेल इंजिन फिरवीत नसतेच. डिझेल इंजिन जनित्र फिरवते, जनित्र वीज निर्माण करते आणि त्या विजेवर चालणाऱ्या मोटरी चाके फिरवतात. १९६२ पासून भारतात आलेली अमेरिकन बनावटीची व पुढे वाराणसीला बांधली गेलेली इंजिने याच तत्त्वावरची होती. या रचनेत एकच उणीव होती, ती म्हणजे साठवणीची. उतारावर किंवा थांबताना जी शक्ती वाया जाते ती जतन करून ठेवण्याची सोय तेथे नव्हती. आज ज्याला हायब्रिड म्हणतात, त्या मोटारीने या जुन्या कल्पनेत बॅटरीची भर घातली.

वाया जाणारी शक्ती म्हणजे नेमकी किती, हे समजण्यासाठी परदेशात जाण्याचे कारण नाही. इगतपुरी आणि कसारा यांच्या उंचीत सुमारे ३०० मीटरचा फरक आहे. माणसांसह दोन टन वजनाची गाडी एवढी उंची उतरते तेव्हा तिच्यातून मोकळी होणारी ऊर्जा, शाळेत शिकलेल्या सूत्राने हिशेब केला तर, विजेच्या सुमारे १.६ युनिटांइतकी भरते. तिचा मोठा हिस्सा चाकांचे घर्षण आणि वाऱ्याचा विरोध यांत जातो, हे खरे. उरलेली ऊर्जा मात्र ब्रेक तापविण्यात जाते. घाट उतरल्यावर चाकाजवळ येणारा करपट वास हा त्याचाच. १९३० मध्ये विद्युतीकरण झालेल्या याच घाटातील लोहमार्गावर, जेथे चढ ३७ फुटांना एक फूट इतका तीव्र आहे, आजची नवी विद्युत-इंजिने उतरताना आपल्या मोटरी उलट वापरून वीज वरच्या तारेत परत पाठवतात. हायब्रिड मोटार तेच काम स्वतःपुरते करते. तिची मोटर ब्रेक दाबताच जनित्र बनते आणि बॅटरी भरते. (५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा खुला झाल्यापासून टोल भरणाऱ्यांना घाटाऐवजी जवळजवळ आठ किलोमीटरचा बोगदा उपलब्ध आहे. परंतु चढउताराचा हिशेब कोणत्याही बोगद्याने पुसला जात नाही. उंचीतला फरक तेवढाच राहतो.)

आता रचनेकडे वळू. डिझेलला विजेची जोड देण्याचे ढोबळमानाने तीन मार्ग आहेत. पहिला अगदी स्वस्त. सिग्नलला गाडी थांबली की इंजिन आपोआप बंद व्हावे, क्लच दाबताच सुरू व्हावे, आणि गाडी उचलताना एका लहानशा मोटरने थोडा हातभार लावावा. याला सौम्य हायब्रिड म्हणतात. यात गाडी केवळ विजेवर कधीच चालत नाही. दुसऱ्या मार्गात मोटर आणि बॅटरी इतकी समर्थ असतात की शहरातील काही अंतर इंजिन बंद ठेवून कापता येते, आणि मोठ्या रस्त्यावर इंजिन व मोटर दोघेही चाकांना जोर देतात. तिसरा मार्ग रेल्वेचा : इंजिनाने फक्त वीज निर्माण करावयाची, चाकांशी त्याचा संबंध नाही. एका ठरावीक, सर्वांत काटकसरीच्या गतीवर इंजिन फिरत ठेवता येणे हा या तिसऱ्या मार्गाचा मोठा फायदा. त्याची किंमतही तशीच मोठी आहे.

सामान्य वाचकाला येथे एक प्रश्न पडेल. डिझेल इंजिन पेट्रोलपेक्षा काटकसरी, आणि हायब्रिड साध्या गाडीपेक्षा काटकसरी. मग दोन्ही एकत्र केल्यास बचत दुप्पट का होऊ नये? या प्रश्नातच साऱ्या विषयाची मेख आहे. पेट्रोल इंजिन पूर्ण जोराने चालताना बरे चालते. परंतु शहरात रांगत जाताना ते फार उधळे होते, कारण कमी शक्ती लागते तेव्हा त्याला हवेचा मार्ग आवळून धरावा लागतो आणि त्या आवळलेल्या वाटेने हवा ओढण्यातच त्याची बरीच ताकद खर्च होते. विद्युत-मोटर नेमकी तेथे त्याच्या मदतीला धावते. डिझेल इंजिनात हवेची वाट आवळावी लागत नाही. इंधनाचा फवारा कमी केला की काम भागते. म्हणजे जो दोष हायब्रिड रचना दूर करते, तो डिझेलमध्ये मुळात कमी आहे. आजारीच नसलेल्याला औषध द्यावे तसा हा काहीसा प्रकार होतो. बचत होते, परंतु पेट्रोल-हायब्रिडमध्ये होते तेवढी होत नाही; आणि खर्च मात्र दोन्हीकडून वाढतो. डिझेल इंजिन जास्त दाबावर चालत असल्यामुळे जड व महाग, त्यावर बॅटरी, मोटर आणि त्यांचे नियंत्रण करणारी यंत्रणा यांचा भार.

धुराचा मुद्दा याहून गुंतागुंतीचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेलच्या धुराची गणना निश्चित कर्करोगकारक द्रव्यांत केली. १ एप्रिल २०२० पासून भारतात लागू झालेल्या बीएस-६ मानकांमुळे काजळी अडविणारी गाळणी आणि नायट्रोजनची ऑक्साइडे निष्प्रभ करणारी यंत्रणा डिझेल गाडीला बसवावी लागते. ही साधने तापलेली असली तरच नीट काम करतात. हायब्रिड गाडीत इंजिन वारंवार बंद पडत असल्याने ती थंड होण्याची भीती असते. उलट बाजूने पाहता, डिझेलचा सर्वांत काळा धूर निघतो तो एकदम वेग घेताना, आणि तो धक्का विद्युत-मोटरने उचलला तर धूर मुळातच कमी होतो. म्हणजे चांगली रचना केली तर लाभ, आणि नुसते नाव मिळविण्यासाठी केली तर तोटा.

जगातील मोठमोठ्या कंपन्या या मोहात पडून गेल्या आहेत. १९९३ मध्ये अमेरिकी सरकारने तेथील तीन बड्या मोटार कंपन्यांसह एक संयुक्त प्रकल्प हाती घेतला. एका गॅलनला ८० मैल, म्हणजे लिटरला सुमारे ३४ किलोमीटर चालणारी कुटुंबाची मोटार तयार करणे हे उद्दिष्ट होते. २००० सालापर्यंत जनरल मोटर्स, फोर्ड आणि डेमलर-क्रायस्लर या तिघांनीही आपापले नमुने सादर केले; आणि तिन्ही नमुने डिझेल-हायब्रिड होते! त्यांतील एकही विक्रीला आला नाही. दरम्यान या प्रकल्पात ज्यांना स्थान नव्हते त्या जपानच्या टोयोटाने डिसेंबर १९९७ मध्येच साध्या पेट्रोल इंजिनाची प्रियस विकावयास सुरुवात केली होती. पुढे फ्रान्सच्या प्यूजोने ३००८ या मोटारीच्या रूपाने जगातील पहिली डिझेल-हायब्रिड बाजारात आणली. पुढच्या चाकांना दोन लिटरचे डिझेल इंजिन आणि मागच्या चाकांना विद्युत-मोटर अशी तिची सुटसुटीत रचना होती. चाचणीत ती शंभर किलोमीटरला ३.८ लिटर डिझेल घेई. व्होल्व्हो आणि मर्सिडीज यांच्याही अशा मोटारी आल्या. फोक्सवॅगनने २०१३ मध्ये एक्सएल-१ नावाची जी दोन माणसांची मोटार काढली, तिच्या अवघ्या २५० प्रती बनविण्याचे ठरले; तंत्रज्ञानाचा तो नमुना होता, व्यापाराचा नव्हे. सप्टेंबर २०१५ मध्ये याच फोक्सवॅगनने धुराच्या चाचणीत केलेली लबाडी उघडकीस आली आणि युरोपात डिझेलची पत गेली. ज्या इंजिनावर भरवसा उरला नाही, त्याला महागडी जोड देण्यास कोण तयार होणार?

आपल्याकडील कथा याहून वेगळी आहे. ती तंत्रज्ञानाची कमी आणि करांची अधिक आहे. एकेकाळी भारतात डिझेल मोटारींची जी चलती होती तिचे कारण इंजिनाच्या गुणात नव्हते, किमतीत होते. जून २०१० मध्ये पेट्रोल नियंत्रणमुक्त झाले, डिझेल झाले नाही. शेतकरी आणि मालवाहतूक यांच्यासाठी स्वस्त ठेवलेल्या डिझेलचा लाभ घेण्यास सधन वर्ग पुढे सरसावला आणि नव्या मोटारींत डिझेलचा वाटा निम्म्याहून वर गेला. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलही नियंत्रणमुक्त झाले. किमतीतला फरक आटला, आणि गिऱ्हाईक परत पेट्रोलकडे वळले. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला मागणीचा नियम शिकविण्यासाठी याहून स्वच्छ उदाहरण मला वर्गात सापडलेले नाही.

नेमक्या याच काळात, १ एप्रिल २०१५ पासून, केंद्र सरकारने विद्युत व हायब्रिड वाहनांसाठी ‘फेम’ योजना सुरू केली. मारुतीने सप्टेंबर २०१५ मध्ये सियाझ डिझेलला सौम्य हायब्रिडची जोड दिली. अधिकृत चाचणीत लिटरला २६.२१ किलोमीटर चालणारी ही मोटार आता २८.०९ किलोमीटर चालू लागली. जुलै २०१६ मध्ये महिंद्रने स्कॉर्पिओला ‘इंटेली-हायब्रिड’ हे बिरूद लावले व इंधनात सात टक्क्यांपर्यंत बचतीचा दावा केला. दोन्ही आकडे जवळजवळ सारखेच आहेत, आणि सौम्य हायब्रिडची मर्यादा ते स्वच्छ सांगतात : सात टक्के.

या सात टक्क्यांसाठी सरकारने काय मोजले? योजनेतून सियाझला तेरा हजार रुपये अनुदान मिळे, ते वेगळेच. खरा लाभ अबकारी शुल्कात होता. मोठ्या मोटारींवर २४ ते ३० टक्के शुल्क असताना हायब्रिडवर ते साडेबारा टक्के होते. समजा, कारखान्यातून बाहेर पडताना मोटारीची किंमत सात लाख आहे. २४ टक्क्यांच्या जागी साडेबारा टक्के शुल्क लावले की सरकारचे ऐंशी हजार रुपये सुटले. आता ही मोटार वर्षाला दहा हजार किलोमीटर चालते आणि लिटरला वीस किलोमीटर देते असे धरा. तिला ५०० लिटर डिझेल लागेल. सात टक्के म्हणजे ३५ लिटर वाचले. दहा वर्षांत साडेतीनशे लिटर. साडेतीनशे लिटर डिझेलसाठी ऐंशी हजारांचे शुल्क सोडून देणे याला इंधनबचतीचे धोरण म्हणणे कठीण आहे. १ एप्रिल २०१७ पासून सौम्य हायब्रिड ‘फेम’मधून वगळले गेले, आणि १ जुलै २०१७ ला वस्तू व सेवा कर आला तेव्हा बहुतेक हायब्रिड मोटारींवर उपकरासह ४३ टक्के भार बसला. अनुदान गेले, सवलत गेली, आणि त्यापाठोपाठ ही बिरुदेही गेली. २०२० च्या एप्रिलमध्ये बीएस-६ लागू होताना मारुतीने तर डिझेल मोटारच सोडून दिली.

साडेबारा टक्के आणि ४३ टक्के या दोन टोकांच्या मध्ये विचाराला जागा होती. ती कोणी घेतली नाही. सौम्य जोडीला भरघोस सवलत देणे जितके चुकीचे, तितकेच खरोखर इंधन वाचविणाऱ्या समर्थ हायब्रिडला साध्या मोठ्या मोटारीच्या पंक्तीस बसविणेही चुकीचे होते. सप्टेंबर २०२५ मध्ये कररचना बदलली, उपकर गेला. चार मीटरपेक्षा लांब नसलेल्या व १५०० सीसीपर्यंतच्या डिझेल-हायब्रिडला १८ टक्के आणि मोठ्यांना ४० टक्के, असे आता दर आहेत. येथेही मोजपट्टी इंजिनाचे आकारमान आणि मोटारीची लांबी हीच राहिली. इंधन किती जळते हा प्रश्न कर आकारताना विचारला गेला नाही. अशा मोजपट्टीचा परिणाम आपण पूर्वी पाहिला आहे. डिसेंबर २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरात २००० सीसी व त्यावरील डिझेल गाड्यांची नोंदणी थांबविली, तेव्हा महिंद्रने काही आठवड्यांत १.९९ लिटरचे इंजिन बसवून गाड्या विकल्या. नियम पाळला गेला. धुराच्या दृष्टीने किती फरक पडला हे वाचकांनीच ठरवावे.

मग डिझेलला विजेची जोड देण्यात अर्थच नाही काय? प्रस्तुत लेखकाचे मत तसे नाही. अर्थ आहे, परंतु तो मोटारीत नसून बसमध्ये आणि मालवाहू गाडीत आहे. पुन्हा साधा हिशेब करू. डिझेलचा दर लिटरला ९० रुपये धरू. वर उल्लेखिलेल्या कौटुंबिक मोटारीला समर्थ हायब्रिडची जोड देऊन पंचवीस टक्के बचत झाली, तरी वर्षाला १२५ लिटर, म्हणजे सव्वाअकरा हजार रुपये वाचतील. जोडीचा जादा खर्च दोन लाख धरला तर तो भरून येण्यास जवळजवळ अठरा वर्षे लागतील. तोवर मोटार भंगारात जाईल. नाशिक–मुंबई फेऱ्या करून वर्षाला साठ हजार किलोमीटर कापणाऱ्या टॅक्सीवाल्याला चार हजार लिटर डिझेल लागते. महामार्गावर बचतीचे प्रमाण कमी, दहा टक्केच धरले, तरी त्याचे छत्तीस हजार वाचतात. शहर बस घ्या. वर्षाला साठ हजार किलोमीटर, लिटरला साडेतीन किलोमीटर, म्हणजे सतरा हजार लिटरांहून अधिक डिझेल. पंचवीस टक्के बचतीने सुमारे तीन लाख पंचाऐंशी हजार रुपये एका वर्षात वाचतात. दर थांब्यावर थांबणारी, द्वारका चौकात आणि मुंबई नाक्यावर रखडणारी, दोन-चारशे मीटरांवर पुन्हा ब्रेक दाबणारी बस हीच हायब्रिडची नैसर्गिक जागा आहे. हे आकडे उदाहरणादाखल आहेत, परंतु त्यांच्यातील परस्परप्रमाण कोणीही ताडून पाहावे. जो अधिक जाळतो, तोच अधिक वाचवू शकतो.

राष्ट्रीय पातळीवरील चित्रही हेच सांगते. पेट्रोलियम मंत्रालयाच्या नियोजन कक्षाने करवून घेतलेली व जानेवारी २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेली पाहणी पाहिली तर देशातील डिझेलपैकी सुमारे २८ टक्के ट्रक पितात, तर खासगी मोटारी सुमारे १३ टक्के. सवलतींची सारी चर्चा मात्र मोटारीभोवती फिरत राहिली, कारण मोटार विकत घेणारा मोठ्याने बोलतो. लासलगावहून कांदा किंवा पिंपळगावहून टोमॅटो घेऊन रात्री वाशीकडे निघणाऱ्या पिकअपचा चालक प्रदर्शनाला जात नाही.

महाराष्ट्रात बसचा प्रयोग झालेला आहे. २०१८ मध्ये मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने टाटांच्या पंचवीस हायब्रिड बसगाड्या वांद्रे-कुर्ला संकुलासाठी घेतल्या. त्यांची रचना वर सांगितलेल्या तिसऱ्या, रेल्वेच्या मार्गाची होती. अशा प्रयोगानंतर खर्च, बचत आणि दुरुस्ती यांचा सविस्तर ताळेबंद लोकांपुढे ठेवण्याची प्रथा आपल्याकडे रुजावयास हवी.

याला एक सबळ आक्षेप घेता येईल, आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. शहर बस पूर्णपणे विजेवर चालू शकत असताना मध्येच डिझेल-हायब्रिडचा थांबा कशाला? जेथे रोज ठरावीक मार्ग, रात्री आगारात मुक्काम आणि भरवशाचा वीजपुरवठा आहे, तेथे हा आक्षेप मान्यच करावा लागतो. परंतु सुरगाणा, पेठ, कळवणच्या डोंगराळ मार्गांवर धावणारी गाडी, घाट चढणारा ट्रक, शेतमालाची पिकअप यांच्याबाबतीत भली मोठी बॅटरी वाहून नेणे म्हणजे मालाची जागा आणि वजन गमावणे. तेथे डिझेल आणखी बरीच वर्षे राहील, आणि राहणारच असेल तर ते कमी जळावे, एवढीच मागणी शहाणपणाची आहे. आपण कच्च्या तेलाच्या गरजेपैकी ८५ टक्क्यांहून अधिक आयात करतो, आणि देशात खपणाऱ्या पेट्रोलियम पदार्थांत एकट्या डिझेलचा वाटा सुमारे दोन पंचमांश आहे.

धोरणाची भाषा मात्र धरसोडीची आहे. ऊर्जा-संक्रमणासाठी नेमलेल्या केंद्रीय सल्लागार समितीने २०२३ मध्ये, दहा लाखांहून अधिक वस्तीच्या शहरांत २०२७ पर्यंत डिझेलच्या चारचाकी गाड्या बंद कराव्यात, अशी शिफारस केली. २०११ च्या जनगणनेत नाशिकची लोकसंख्या १४ लाख ८६ हजार होती; म्हणजे आपले शहर त्यात येते, आणि २०२७ हे सिंहस्थाचे वर्ष! शिफारस स्वीकारलेली नाही असे सरकारने सांगितले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात केंद्रीय रस्ते वाहतूकमंत्री नितीन गडकरी यांनी डिझेल वाहनांवर दहा टक्के जादा कर सुचविण्याचा मनोदय बोलून दाखविला आणि त्याच दिवशी असा प्रस्ताव विचाराधीन नसल्याचा खुलासाही केला. दिल्लीत एका दिवसात झालेल्या या विधान-खुलाशाचा अर्थ अंबडच्या वर्कशॉपमालकाला वेगळा लागतो. नवे यंत्र कर्ज काढून घ्यावे की घेऊ नये, चार पोरे कामावर ठेवावीत की कंत्राटावर भागवावे, हे त्याला त्याच आठवड्यात ठरवायचे असते.

त्याच्या दृष्टीने डिझेल-हायब्रिडचे महत्त्व निराळे आहे. त्यात नोझल आणि इंजेक्टर राहतात, आणि त्यांच्या शेजारी मोटरची गुंडाळी, बॅटरीची पेटी, नियंत्रणाची परिपथे, उष्णता बाहेर टाकण्याची साधने ही नवी कामे येतात. जुने कौशल्य एका रात्रीत मोडीत न निघता नव्याच्या हाताखाली काही वर्षे काढू शकते. जून २०२५ पासून टोयोटाने फॉर्च्युनर या डिझेल गाडीला ४८ व्होल्टची सौम्य जोड देऊन ती भारतात विकावयास घेतली आहे. म्हणजे हे तंत्र आज आपल्याकडे आहे, फक्त ते धनिकांच्या अंगणात उभे आहे. मालवाहू पिकअप आणि तालुक्याच्या बसपर्यंत ते आणावयाचे असेल, तर सवलत गाडीच्या नावाला न देता प्रत्यक्ष वाचलेल्या लिटरला द्यावी लागेल, आणि तिची मुदत किमान सात-आठ वर्षे आधीच जाहीर करावी लागेल. राज्य सरकारलाही येथे काही करता येईल. महाराष्ट्रात खासगी डिझेल मोटारीवर पेट्रोलपेक्षा दोन टक्के अधिक वाहनकर घेतला जातो. त्यातून येणाऱ्या रकमेचा काही अंश एसटीच्या नाशिक विभागातील दहा-वीस गाड्यांवर, घाटातील आणि सपाटीवरील अशा दोन्ही मार्गांवर, अशी जोड बसवून पाहण्यासाठी ठेवावा. आणि त्या बसविण्याचे काम सातपूरच्या आयटीआयमधील मुलांना, त्यांच्या शिक्षकांच्या देखरेखीखाली, शिकाऊ उमेदवार म्हणून द्यावे.